तलावावरचे पाहुणे बघायला जाताना



धान कापून झाले, चुरणी आटोपली की आपल्या भंडारा जिल्ह्यात दोन गोष्टी एकदम घडतात. घरात रजया उन्हात पडतात आणि तलावावर पाहुणे उतरतात. घरच्या पाहुण्यांची खबर आठ दिवस आधी लागते. तलावावरचे पाहुणे मात्र कोणाला न सांगता येतात, थंडीभर राहतात आणि मार्च लागता लागता निघून जातात. त्यांच्या येण्याजाण्याची दखल आपल्यापैकी किती घरे घेतात, हा प्रश्न आम्ही दरवर्षी वर्गात विचारतो. चाळीसातली चार मुले हात वर करतात. बाकीच्यांनी नागपूरचे मॉल पाहिलेले असतात. घरापासून पाच किलोमीटरवर तिबेट-मंगोलियाकडून आलेला पक्षी पोहतो आहे, हे त्यांना माहीत नसते.

म्हणून यावेळच्या लेखात आम्ही एकच विषय घेतला आहे. हिवाळ्यात घरातल्या सगळ्यांनी मिळून पाण्यावरचे जीव पाहायला जायचे असेल, तर ते ठरवायचे कसे? विषय सोपा वाटतो. पण हिवाळा आता पूर्वीसारखा शब्दाचा पक्का राहिलेला नाही. सकाळी धुके, दुपारी ऊन, संध्याकाळी ढग आणि रात्री गारा, असे दिवस आपण पाहतो आहोत. अशा दिवसांत लेकराबाळांना घेऊन पाण्याकाठी जायचे, तर नुसते ‘इन्शाअल्लाह, रविवारी जाऊ’ म्हणून भागत नाही. आधी उंट बांधावा, मग तवक्कुल करावे, ही शिकवण आपल्याला लहानपणीच मिळालेली आहे. या सहलीत तो उंट कुठे कुठे बांधायचा, तेवढेच आम्ही सांगणार आहोत.

पाहुणे कोण आणि यजमान कोण

भंडारा हा तलावांचा जिल्हा. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या लोकांनी उताराची जमीन हेरून, मातीच्या पाळी घालून हे तलाव बांधले. पुढे ते मालगुजारांकडे आले. मालगुजारी गेल्यावर ते ‘माजी मालगुजारी’ झाले आणि लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’ झाले. बांधले ते धानाच्या ओलितासाठी, पण शेकडो वर्षे पाणी, गाळ, देवधान, कमळ आणि मासळी एकत्र नांदल्यामुळे ते पाखरांचेही घर झाले.

यातले काही जीव बारमाही आपले आहेत. पाण्यात बुडी मारून भलतीकडेच वर येणारी टिबुकली, कमळाच्या पानावरून लांब बोटांनी चालत जाणारा कमळपक्षी, पंख पसरून वाळवत बसणारा पाणकावळा, जांभळी पाणकोंबडी, शीळ घालत उडणारी अडई आणि खंड्या. पाण्याखाली कासवे आहेत. उन्हाची तिरीप आली की ती दगडावर किंवा ओंडक्यावर येऊन मान लांब करतात. सारसही आपलाच. महाराष्ट्रात हा पक्षी आता मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात उरला आहे आणि आपल्या बाजूला त्याची मोजकीच पाखरे दिसतात. उडणाऱ्या पक्ष्यांत जगातला सर्वांत उंच तो. उभा राहिला तर घरातल्या अब्बांच्या उंचीला येतो. त्याची जोडी धानाच्या बांधीत घरटे करते. तेव्हा सारस टिकवण्याची खरी जबाबदारी शेतकऱ्याच्या हातात आहे.

दुसरे जीव हिवाळ्याचे पाहुणे. शेपटीला तलवारीसारखे टोक असलेले तलवार बदक, चमच्यासारख्या चोचीचा थापट्या, तांबड्या डोक्याची मोठी लालसरी, केशरी रंगाचा चक्रवाक आणि या सगळ्यांत मानाचा पट्टकादंब. याला आपल्याकडे बरेच जण राजहंस म्हणतात. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे, ही त्याची खूण. तिबेट, मंगोलिया, किरगिझस्तान या भागांत त्याची पिले वाढतात आणि थंडी पडली की हा पक्षी हिमालय ओलांडून खाली येतो. शास्त्रज्ञांनी यंत्रे लावून पाहिले, तेव्हा हे पक्षी सात हजार मीटरपेक्षा अधिक उंचीवरून उडताना नोंदले गेले. तिथे माणसाला धड श्वासही घेता येत नाही. एवढा प्रवास करून तो आपल्या बोडीत येऊन गवत खातो.

पाखरांच्या नादाने माणूस कुठवर जातो, याचे उदाहरण आपल्या मुलांना ठाऊक असायला हवे. सालिम अली 12 नोव्हेंबर 1896 ला मुंबईत एका मुस्लिम कुटुंबात जन्मले. आईबाप लहानपणीच गेले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी वाढवले. पोराने छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती, असे त्याने मामांना विचारले. मामांनाही सांगता येईना. त्यांनी पोराला हाकलून दिले नाही. ते त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा रस्ता दाखवून मोकळे झाले. तिथल्या मिलर्डसाहेबांनी भुसा भरून ठेवलेले पक्षी त्याच्यापुढे उघडले आणि देशाला पक्षितज्ज्ञ मिळाला. घरच्या मोठ्यांना सगळी उत्तरे ठाऊक असावी लागत नाहीत. उत्तर जिथे आहे, तिथवर मुलाला नेणे एवढे त्यांचे काम. आपल्या नवेगावबांधच्या तलावाकाठी वनाधिकारी म्हणून राहिलेले आणि पुढे मराठीत जंगल लिहिणारे मारुती चितमपल्ली 2025 च्या जून महिन्यात आपल्यातून गेले. त्यांचा 5 नोव्हेंबरचा आणि सालिम अलींचा 12 नोव्हेंबरचा जन्मदिवस जोडून महाराष्ट्रात पक्षी सप्ताह पाळला जातो. तो सप्ताह शाळेत होतो. घरातला सप्ताह आपण जानेवारीत करू.

आभाळाचा स्वभाव

हिवाळ्यात आपल्याकडे पाऊस का पडतो, हे मुलांना समजावून सांगण्यासारखे आहे. उत्तर भारतात थंडीच्या दिवसांत पश्चिमेकडून झंझावात येतात. त्यांची थंड, कोरडी हवा खाली सरकते. त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरून दमट वारे आत आले, तर दोघांची गाठ मध्य भारतावर पडते. आपण नेमके त्या गाठीच्या जागी राहतो. डिसेंबर 2021 च्या शेवटच्या आठवड्यात विदर्भात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. डिसेंबर 2023 च्या सुरुवातीला मिचाँग चक्रीवादळ आंध्रच्या किनाऱ्यावर धडकले आणि पूर्व विदर्भातले धानाचे पुंजणे भिजले. ज्या घरचे धान भिजले, त्यांना हवामान काय असते हे वेगळे सांगायला नको. शहरात राहणाऱ्यांना मात्र सांगावे लागते.

पावसाखेरीज दोन गोष्टी आहेत. एक धुके. तलाव, वैनगंगा आणि कालवे यांच्याकाठी ते अधिक दाट असते आणि कधी कधी नऊ-साडेनऊपर्यंत हटत नाही. नागपूर-रायपूर महामार्गावर त्या वेळी अवजड ट्रक चालू असतात. दुसरी थंडीची लाट. ती आली की किमान तापमान दहा अंशांच्या खाली जाते. मोटारसायकलवर पहाटे निघालेल्या घरात सर्वांत जास्त थंडी लागते ती टाकीवर बसवलेल्या पोराला, कारण वारा तो आधी खातो.

सुदैवाने हवामानाचा अंदाज आता फुकट आणि मराठीत मिळतो. भारतीय हवामान विभागाचे नागपूर केंद्र जिल्हावार इशारे देते. हिरवा म्हणजे काळजी नको. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे घरी राहा. आमचा साधा नियम असा, की पिवळा असेल तर जवळच्या तलावावर जावे आणि गाडीपासून लांब जाऊ नये. नारिंगी असेल तर बेत पुढे ढकलावा, त्यावर घरात वाद घालू नये. विजांसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप मोबाइलमध्ये ठेवावे.

अंदाज एकदा पाहून चालत नाही, चारदा पाहावा. आठवडाभर आधी पाहिला तर नुसता कल कळतो. तीन दिवस आधीचा बराच भरवशाचा असतो. आदल्या रात्री इशाऱ्याचा रंग पाहावा. आणि सकाळी मोबाइल ठेवून अंगणात यावे, वर पाहावे आणि शेजारच्या शेतकऱ्याला विचारावे.

दोन तारखा, दोन तलाव, एक परतीची वेळ

आमच्या मते या सहलीचे सगळे नियोजन या एका ओळीत बसते.

दोन तारखा अशासाठी, की एकच तारीख ठरवली की माणूस तिच्याशी हट्टाने बांधला जातो. गाडी सांगितली, डबे झाले, पाहुणे आले, आता कसे थांबायचे, असे म्हणत लोक ढगाखाली निघतात. आधीच दोन रविवार ठरले, तर पहिला सोडताना कोणाचे मन मोडत नाही. जानेवारीतला एक रविवार मुख्य धरा आणि त्याच्या पुढचा राखून ठेवा. झेंडावंदनाच्या आदल्या दिवशी जाऊ नका, कारण दुसऱ्या दिवशी मुलांना लवकर उठायचे असते. फेब्रुवारीवर ढकलू नका. रमजान जवळ आला असेल, तर त्याआधीचे पंधरा दिवस घरात तयारीचे असतात. आणि मार्च लागता लागता पाहुणे परतीच्या वाटेला लागलेले असतात. म्हणजे जानेवारी हाच खरा महिना आहे.

दोन तलाव म्हणजे एक लांबचा आणि एक घराजवळचा. लांबच्यासाठी आपल्याकडे जागा पुष्कळ आहेत. साकोली तालुक्यात शिवनीबांध आहे, तुमसरकडे चांदपूर. पवनीजवळ गोसेखुर्दचा विस्तीर्ण जलाशय आहे आणि भंडाऱ्याजवळ कोका अभयारण्य. ज्यांना पूर्ण दिवस काढता येतो, त्यांच्यासाठी शेजारच्या गोंदिया जिल्ह्यातले नवेगावबांध. अभयारण्यात जायचे असेल तर वनविभागाकडे फेरीची नोंदणी, वेळ आणि बंद असण्याचा दिवस आधी विचारून घ्यावा. जवळचा तलाव म्हणजे आपल्या किंवा शेजारच्या गावाची बोडी. ती कोणत्याही यादीत नसते. पण पाणी उथळ, काठाला गवत आणि मधे कमळ असेल, तर पाखरे हमखास असतात.

एका जानेवारीत आम्ही चार घरांनी मिळून शिवनीबांधचा बेत केला होता. लहानमोठी मिळून सतरा माणसे. शनिवारी रात्री अंदाज बदलला आणि दुपारनंतर पावसाची शक्यता दिसू लागली. सकाळी धुके इतके, की समोरच्या घराचा दिवा दिसेना. मुले कपडे करून बसलेली. दादीजान म्हणाल्या, “बेटा, पाखरं पळून चालली नाहीत. धुकं उठू दे, मग बघू.” साडेनऊला धुके उठले. तेव्हा लांबचा बेत सोडून आम्ही पाच किलोमीटरवरच्या बोडीवर गेलो. तिथे शिंगाडे काढणारे एक ढिवर काका होते. त्यांनी हाताने दाखवले, “गुरुजी, तिकडून नका जाऊ, ऊन तोंडावर येते. इकडून पाळीवर बसा.” आम्ही बसलो. दोन तासांत मुलांनी सतरा जातीची पाखरे मोजली. दोन कासवे एकाच ओंडक्यावर चढण्यासाठी भांडत होती, त्यांना पाहून पोरे पोट धरून हसली. दीडच्या सुमारास ढग आले, तेव्हा आम्ही घरी जेवत होतो. शिवनीबांध पुढच्या रविवारी झाले. पण त्या घरांतली मुले आजही आधी बोडीचीच गोष्ट सांगतात.

तिसरी गोष्ट परतीची वेळ. ती निघण्याआधी ठरवावी आणि सर्वांसमोर मोठ्याने सांगावी. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्याकडे सूर्य पावणेसातनंतर उगवतो आणि संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास मावळतो. दिवस लहान असतो. धुके धरले तर पाहण्याची चांगली वेळ साडेनऊ ते बारा. पहाटे चारला उठण्याची गरज नाही. बरीचशी बदके रात्री चरतात आणि दिवसा पाण्याच्या मध्यावर थव्याने विसावतात, म्हणून दहा वाजताही ती तिथेच असतात. सव्वाबारानंतर जुहरची वेळ लागते. तलावाकाठच्या गावातल्या मशिदीत किंवा सपाट जागी नमाज अदा करून, जेवून, तीनपर्यंत निघावे. म्हणजे अस्रला घर गाठता येते आणि संध्याकाळच्या धुक्यात महामार्गावर राहावे लागत नाही. मगरिब तलावावर करण्याचा मोह होतो, कारण त्या वेळी थवे उडतात आणि पाणी लाल होते. बरोबर लहान मुले असतील तर तो मोह टाळावा.

वुजूबद्दल एक सूचना. वुजूसाठी पाणी घरून कॅनमध्ये न्यावे. तलाव समोर आहे म्हणून म्हातारी माणसे आणि मुले काठावर वाकतात. तिथे दगडावर शेवाळ असते, गाळ पायाखालून सरकतो आणि काही तलावांत काठापासून चार पावलांवर खोल असते.

नावेचा प्रश्न

पाण्याचे नाव काढले की मुले नाव मागतात. इथे आम्ही घरच्या मोठ्यांशी स्पष्ट बोलणार आहोत.

18 जानेवारी 2024 रोजी गुजरातेत वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. 12 विद्यार्थी आणि 2 शिक्षिका बुडाल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त मुले बसवली होती आणि अनेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हते. त्यानंतर पाचच दिवसांनी, 23 जानेवारीला, आपल्याच वैनगंगेत गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शी तालुक्यात मिरची तोडायला निघालेल्या महिलांची नाव उलटली आणि सहा जणी गेल्या. एक बोट मौजेची, दुसरी पोटाची. पाण्याने दोघांत फरक केला नाही. महिना दोन्हीकडे जानेवारी होता. आपण ज्याला सहलीचा महिना म्हणतो, तोच.

शिक्षक म्हणून पहिली बातमी आम्ही अजून विसरू शकलेलो नाही. मुलांची यादी हातात घेऊन बसमध्ये चढवणे आणि तीच यादी हातात घेऊन उतरवणे, एवढेच सहलीचे पहिले काम असते. बाकी सगळे त्यानंतर. घरच्या सहलीतही ही यादी असावी. चार घरे एकत्र जातात, तेव्हा प्रत्येकाला वाटते की मूल दुसऱ्या कोणाजवळ आहे. म्हणून पाण्याकाठी दर दोन मुलांमागे एक मोठा माणूस नावानिशी ठरवावा. फुफीजवळ हे दोघे, खालूंजवळ ते दोघे. ‘सगळेच लक्ष ठेवतील’ म्हटले की कोणीच ठेवत नाही.

नावेत बसायचेच असेल, तर नोंदणीकृत बोट, आसने जितकी तितकीच माणसे आणि प्रत्येकाच्या अंगात त्याच्या मापाचे जॅकेट हवे. मोठ्याचे जॅकेट लहान मुलाला घातले, तर पाण्यात ते वर निघून जाते आणि मूल खाली राहते. पट्टे बांधलेले असावेत. खांद्यावर अडकवलेले जॅकेट म्हणजे नुसता फोटोचा पोशाख. वारा सुटला, लाटा दिसल्या, ढग आले, तर पैसे दिलेले असले तरी उतरावे. मासेमारीचा डोंगा हे ज्याचे त्याचे पोटाचे साधन आहे. त्यात हौसेने बसू नये आणि बसवण्यासाठी आग्रहही करू नये. बुरखा, साडी, ओढणी, शाल पाण्यात जड होते, हेही लक्षात असू द्यावे.

आणि खरे सांगायचे तर पाखरे पाहायला नावेची गरजच नाही. नाव जवळ गेली की थवा उडतो आणि हाती येते ती उडालेल्या पाखरांची पाठ. पाळीवर, ऊन पाठीशी घेऊन, एक साधी दुर्बीण हातोहात फिरवली, तर तेच पाखरू आपल्यासमोर निवांत पंख साफ करत बसते.

विजेबाबतही नियम ठरलेला असू द्या. गडगडाट ऐकू आला की पाण्यापासून दूर व्हावे. एकट्या झाडाखाली उभे राहू नये. पक्के घर किंवा बंद काचांची गाडी गाठावी. शेवटचा गडगडाट होऊन 30 मिनिटे झाल्याशिवाय परत काठावर जाऊ नये.

भेटीचा अदब

कोणाच्या घरी गेलो तर आपण दारात सलाम करतो, इजाजत मिळाल्यावर आत जातो. तलावावरही इजाजत लागते, आणि ती पाखरे देतात. आपण पुढे जाताना बदकांनी चरणे थांबवले, माना ताठ केल्या, तर तिथेच थांबायचे. ती परत माना खाली घालतील, तेव्हा इजाजत मिळाली असे समजायचे. न थांबता पुढे गेलो तर थवा उडतो. पोरांना ते मौजेचे वाटते, पण त्या पाखराने परतीच्या प्रवासासाठी अंगात साठवलेली चरबी त्यात जळते. थंडीच्या लाटेत किंवा गारपिटीनंतर तर ती आधीच दमलेली असतात. अशा दिवसानंतर लगेच तलावावर जाऊ नये, त्यांना दोन दिवस सावरू द्यावे.

पाव, कुरमुरे, शेव टाकू नये. ते त्यांचे अन्न नाही आणि पाणी नासते. दगड नको, स्पीकर नको, थवा उडवून काढलेले व्हिडिओ नकोत. संक्रांतीच्या दिवसांत काठावर नायलॉन मांजा दिसला तर गुंडाळून सोबत आणावा. तो पंखात अडकला की सुटत नाही.

कासवाबद्दल मुलांना आधीच सांगून ठेवावे. ते घरी न्यायचे नाही. घरात कासव ठेवले की बरकत येते, हा आपल्या आजूबाजूचा समज आहे आणि त्यापायी कासवे काचेच्या पेटीत मरतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपली गोड्या पाण्यातली कासवे पकडणे, विकणे, पाळणे हा गुन्हा आहे. पाण्यातला जीव पाण्यात सोडून येणे, यात कसली बरकत कमी होत नाही.

आणि तलावावरच्या माणसाला विसरू नये. ढिवर समाजाची मच्छीमार सहकारी संस्था अनेक तलाव सांभाळते. जाळी कुठे लावली आहेत, खोल कुठे आहे, पाखरे कोणत्या काठाला बसतात, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते. आपल्या भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळासारख्या संस्थेने याच लोकांसोबत तलावातली बेशरम काढून, देशी वनस्पती लावून, मासळी आणि पाखरे दोन्ही परत आणण्याचे काम केले आहे. जाताना त्यांना सलाम-नमस्कार करावा, मुलांना त्यांच्याजवळ बसवावे, निघताना उकडलेले शिंगाडे त्यांच्याकडून विकत घ्यावेत.

डबा, दादी आणि एक वही

सहल घरातल्या सगळ्यांची असेल तर ती बायकांचीही असावी. बऱ्याचदा पुरुष आणि मुले काठावर फिरतात आणि अम्मी, चाची चुलीजवळ बिर्याणीला दम देत बसतात. तलावावर चूल पेटवायचीच कशाला? धुराने पाखरेही दूर जातात. रात्रीच रोट्या, सुका खिमा किंवा शामी कबाब, चटणी, गूळ-शेंगदाणे आणि थर्मासमध्ये चहा भरून घ्यावा. जेवण साधे असले की हात मोकळे राहतात. स्वच्छतागृह कुठे आहे, हे आधी विचारून ठेवावे. त्याच एका गोष्टीमुळे कितीतरी आपा आणि खाला ‘तुम्ही जा, आम्ही घरी थांबतो’ म्हणतात.

दादी-नानींसाठी घडीची खुर्ची आणि एक जास्तीची शाल हवी. लहान मुलांसाठी कपड्यांचा पूर्ण दुसरा जोड, मोजे धरून. ओले कपडे अंगावर ठेवून थंड वाऱ्यात परत आणलेले मूल आजारी पडू शकते. कपडे एकावर एक घालावेत, म्हणजे दुपारी उन्हात काढता येतात. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी धुके उठेपर्यंत बाहेर पडू नये.

आणि एक वही. तारीख, वेळ, आभाळ कसे होते, वारा कुठून होता, कोणते पाखरू किती, हे मुलाने स्वतःच्या हाताने लिहावे. नाव ठाऊक नसेल तर रंग, चोच आणि पाय लिहावेत. दर जानेवारीत आशिया खंडात पाणपक्ष्यांची गणना होते. 1987 पासून ती चालू आहे आणि त्यात हजारो हौशी माणसांच्या नोंदी असतात. मोबाइलवर ‘ई-बर्ड’सारखे फुकट साधन आहे, त्यात घरची नोंदही टाकता येते. पण वही आधी. दरवर्षी त्याच तलावाची नोंद ठेवली, तर पाच वर्षांनी त्या मुलाकडे गावातल्या कोणाकडे नसलेली माहिती असेल. पाहुणे कमी होत आहेत का, उशिरा येत आहेत का, पाऊस पडला त्या वर्षी काय झाले, हे तो ग्रामसभेत उभा राहून सांगू शकेल.

शेवटची गोष्ट मोठ्यांसाठी. हे सगळे करूनही एखाद्या दिवशी काही दिसणार नाही, किंवा निघालेली गाडी अर्ध्या वाटेवरून फिरवावी लागेल. तेव्हा मुलासमोर आभाळाला बोल लावू नये आणि कोणामुळे उशीर झाला याचा हिशेब मांडू नये. ‘आज पाण्याची मर्जी नव्हती, पुढच्या रविवारी येऊ’ एवढे म्हणून शांतपणे परतावे. मोठी माणसे वेळेवर परतू शकतात, हे ज्या मुलाने पाहिले आहे, ते उद्या वीस वर्षांचे झाल्यावर मित्रांनी भरलेल्या बोटीत चढताना थांबेल. आम्हाला विचाराल, तर पट्टकादंब पाहण्याइतकेच हेही शिकण्यासारखे आहे.

तर आज रात्री जेवणानंतर कॅलेंडर काढा. दोन रविवारांवर खूण करा, दोन तलाव ठरवा, परतीची वेळ लिहा. मग मनापासून इन्शाअल्लाह म्हणा. अल्लाह तुमचे जाणे-येणे सलामत ठेवो.